माइकवर ढकला

आमच्या ऑर्केस्ट्रात आजवर जे काही बिघडलं, ते वायरमुळे बिघडलं. सूर हलला, वायर लूज होती. अंतऱ्याचे शब्द विसरले, वायर पायात आली. गाणं उचलायला उशीर झाला, वायर कुणीतरी ओढली. एका वर्षी तर निवेदकाने प्रमुख पाहुण्यांचं आडनाव चुकवलं आणि लगेच माइकच्या बुडाशी असलेला जॅक हलवून साउंडवाल्याकडे असं काही रागाने पाहिलं, की पाहुणेही साउंडवाल्याकडेच रागाने पाहू लागले. ती काळी वायर बिचारी सगळं मुकाट्याने सोसत आली. तिला बोलता येत नव्हतं, तिला मानधन लागत नव्हतं, आणि कार्यक्रम संपल्यावर गुंडाळून पेटीत टाकली की पुढच्या सुपारीपर्यंत ती रुसतही नव्हती. ऑर्केस्ट्रात इतका गुणी सभासद दुसरा कुणी नाही.

तर या सभासदाला काढायचं ठरलं.

निमित्त वहिनींचं. वहिनी म्हणजे आमच्या मुख्य गायिका. दादा बेस गिटार वाजवतात म्हणून त्या वहिनी. बाकी ऑर्केस्ट्रातला त्यांचा मान पाहता दादांनाच 'वहिनींचे मिस्टर' म्हणायला हवं. वहिनी कुठल्याशा मोठ्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम पाहून आल्या. तिथली गायिका म्हणे गाता गाता पायऱ्या उतरून थेट प्रेक्षकांत गेली, पहिल्या रांगेतल्या एका आजोबांच्या शेजारी जाऊन बसली, आजोबांनी चक्क शिट्टी मारली आणि वन्स मोअर पडला.

"मला कॉर्डलेस हवा," पुढच्या तालमीला वहिनींनी जाहीर केलं.

"कशाला हो वहिनी?"

"प्रेक्षकांत जायचंय."

"आपल्याकडे प्रेक्षकच उठून जातात," ढोलकीवाले काका म्हणाले. "आपण कशाला त्रास घ्यायचा?"

काकांचा कॉर्डलेसला विरोध तात्त्विक होता. तसा त्यांचा मिक्सरलाही विरोध आहे, इकोलाही आहे आणि पंख्यालाही आहे, कारण वाऱ्याने ढोलकी उतरते. "बालगंधर्वांना कुठे होता माइक?" ते म्हणाले. "शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जायचा!"

"त्यांच्या मागे ऑक्टोपॅड आणि बेस गिटार पण नव्हती, काका," कीबोर्डवाला पोरगा म्हणाला.

"म्हणूनच जायचा," काका म्हणाले, आणि दादांकडे पाहिलं.

आता प्रश्न आला खरेदी कुणी करायची. सगळ्यांचे हात वाद्यात गुंतलेले, माझे मोकळे. मी साइड ऱ्हिदमला असतो. ढोलकी, तबला, ऑक्टोपॅड यांच्या कडेला उभा राहून खुळखुळा, खंजिरी, घुंगरू असलं काहीतरी हलवणारा जो माणूस कार्यक्रमाच्या फोटोत नेहमी अर्धा कापला जातो, तो मी. माझं वाद्य बंद पडल्याने आजवर एकही गाणं थांबलेलं नाही. उलट एकदा खुळखुळा हातातून निसटून स्टेजखाली गेला, तेव्हा ते गाणं फार सुरेख झाल्याचं आयोजकांनी मुद्दाम कळवलं होतं. 'तुला तरी काय काम असतं?' या एकाच निकषावर माझी एकमताने निवड झाली.

निवड झाल्याबरोबर एकेकाने मला कोपऱ्यात घेऊन आपापली अट सांगितली. वहिनी म्हणाल्या, "सोनेरी मिळतो का बघा. काळा माइक काळ्या काठावर उठत नाही." किशोरकुमारची गाणी म्हणणारे आमचे साहेब बँकेतून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "वजनदार घ्या. हातात धरल्यावर समोरच्याला कळलं पाहिजे की माणूस गायक आहे." गाण्यातून कळेल अशी त्यांना स्वतःलाही आशा नसावी. निवेदकाला माइकवर दिवा हवा होता, निळा. खजिनदारांची अट सगळ्यांत सुटसुटीत होती. "चांगल्यातला चांगला घ्या. दोन हजारांत."

आवाज कसा यायला हवा, हे मात्र कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विषयांतर झालं असतं.

कीबोर्डवाल्या पोराने माझी शिकवणी घेतली. हा पोरगा इंजिनिअर आहे आणि मोबाइलवर माइकचे व्हिडिओ बघत जेवतो. त्याचं म्हणणं असं, की कॉर्डलेस माइक म्हणजे एक माइक आणि एक छोटं रेडिओ स्टेशन, दोन्ही एकाच दांड्यात कोंबलेली. आवाज कसा येणार ते वरचं डोकं ठरवतं, येणार की नाही ते खालचा रेडिओ ठरवतो. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा माइक १९६६ साली आला; जगभरच्या स्टेजवर गोल जाळीच्या डोक्याचा जो माइक दिसतो, तो हा किंवा याची नक्कल. तेच डोकं कॉर्डलेसच्या दांड्यावर बसवूनही मिळतं.

काकांचा विरोध जरा सैल व्हावा म्हणून मी ही माहिती त्यांच्या वाटेने नेली. म्हटलं, "काका, बालगंधर्व गेले १९६७ साली. म्हणजे हा माइक त्यांच्या हयातीत आला होता."

"बघा!" काका म्हणाले. "आला होता, तरी घेतला नाही."

पोरगा पुढे म्हणाला, की याच कंपनीने १९५३ साली 'व्हॅगाबाँड' नावाची बिनवायरची यंत्रणा बाजारात आणली होती. गायकाने हवं तिथे भटकावं असा हेतू. ही भटकंती चालायची सुमारे ७०० चौरस फुटांच्या वर्तुळात, म्हणजे रिसीव्हरपासून १५ फुटांपर्यंत. आमची काळी वायर पंचवीस फुटांची. एवढा खर्च करून पुढारलेल्या अमेरिकनांपेक्षा आम्ही वायरीवरच दहा फूट जास्त भटकत होतो. हे मी उत्साहाच्या भरात खजिनदारांना सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. "मग वायरच लांब घेऊ या की! मीटरला काय भाव पडेल?"

पुण्यात असल्या खरेदीसाठी तपकीर गल्लीत जायचं असतं. मुंबईकर यासाठी लॅमिंग्टन रोडला जातात आणि मग आम्हाला फोन करून सांगतात की तपकीर गल्लीत काही मिळत नाही. गल्लीत शिरल्यावर पहिल्याच दुकानात काउंटरमागच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "कॉर्डलेस? लग्नाला, भजनाला की भाषणाला?"

"गाण्याला."

"भाषणाचा घ्या. तो जास्त वेळ चालतो."

त्याने एक पेटी उघडली. आत फोमच्या खाचांत दोन माइक, एक रिसीव्हर, वर दोन अँटेना, आणि किंमत खजिनदारांच्या आवाक्यात. माइकवरचं नाव जगप्रसिद्ध होतं, फक्त त्यात एक अक्षर जास्त होतं.

"हा ओरिजनल आहे ना?"

"एकदम ओरिजनल, साहेब. फर्स्ट कॉपी."

"रेंज किती?"

"शंभर मीटर. बॉक्सवर छापलंय."

"खरंच शंभर?"

"मोकळ्या मैदानात. मधे माणसं नसतील तर."

"आणि माणसं असतील तर?"

आता त्याने पहिल्यांदा मान वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "असतात का?"

मग मी वातानुकूलित दुकानात गेलो. तिथे काउंटरवर आधी पाणी देतात, यावरूनच पुढच्या आकड्याचा अंदाज यायला हवा होता. टाय लावलेल्या एका मुलाने मला 'ट्रू डायव्हर्सिटी' समजावून सांगितली. माइकमधून निघालेल्या लहरी सरळ रिसीव्हरकडे जातात तशा भिंतींवर, पत्र्यांवर आपटूनही जातात. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी कधी कधी एकमेकींना मारतात, आणि नेमक्या त्या ठिकाणी अँटेना असली की आवाज गडप. म्हणून अँटेना दोन हव्यात, आणि दोघींमागे वेगवेगळा रेडिओ हवा; एकीला ऐकू आलं नाही तरी दुसरीला येतं, आणि जिला चांगलं येतंय तिचं मशीन घेतं. "पण त्या दुसऱ्या दुकानातल्या पेटीवर पण दोन अँटेना होत्या," मी म्हणालो. मुलगा खेदाने हसला. "सर, त्यांतली एक बऱ्याचदा शोभेची असते." किंमत विचारल्यावर त्याने ती एका चिठ्ठीवर लिहून, चिठ्ठी उलटी करून माझ्याकडे सरकवली. मोठ्याने उच्चारण्यासारखी ती नव्हतीच.

दरम्यान खजिनदारांनी परस्पर चक्रं फिरवली. त्यांचा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याला तिथे नामांकित कंपनीचा वापरलेला सेट जवळजवळ फुकट मिळत होता. "अमेरिकन माल!" खजिनदार म्हणाले. "तिकडची माणसं उगाच जुनं झालं म्हणून टाकून देतात." कीबोर्डवाल्या पोराने त्या सेटवरचा फ्रिक्वेन्सीचा आकडा वाचला आणि तो हसायलाच लागला. अमेरिकेत ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला बराच भाग लिलावात मोबाइल कंपन्यांना गेला आणि १३ जुलै २०२० नंतर त्या भागात माइक वापरायला तिकडे बंदी आली. त्याआधी २०१० साली ७०० च्या पट्ट्याचंही असंच झालं होतं. भाच्याला माइक स्वस्त मिळत होता, कारण तो तिकडे वापरणं बेकायदा होतं.

"म्हणजे इकडे पाठवायला हरकत नाही," खजिनदार म्हणाले. त्यांना दोन दिवस समजवावं लागलं. इकडच्या आकाशातही मोबाइल आहेत, हे त्यांना मान्य होतं. पण इतक्या स्वस्तात मिळतंय तर आकाशाने थोडं जमवून घ्यावं, असं त्यांचं मत होतं.

शेवटी ठराव झाला आणि ती एक अक्षर जास्त असलेली पेटीच आली. एकाच्या किमतीत दोन माइक, या वाक्यापुढे आपल्याकडे कुठलंही शास्त्र टिकत नाही. तालमीच्या खोलीत माइक झकास चालला. वहिनी गात गात स्वयंपाकघरात जाऊन कुकर बंद करून आल्या, आवाज तुटला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या खुळखुळ्याला इतक्या वर्षांत जेवढ्या मिळाल्या नव्हत्या तेवढ्या त्या कुकरला मिळाल्या.

पहिला कार्यक्रम गणेशोत्सवातला. मंडळाचा मांडव, समोर खुर्च्या, खुर्च्यांत कार्यकर्त्यांचे घरचे. वहिनींनी विरहगीत धरलं. मुखडा झाला, अंतरा चढला, आणि सगळ्यांत वरच्या, काळीज हलवणाऱ्या सुरावर वहिनींचं तोंड उघडलं आणि स्पीकरमधून भरदार पुरुषी आवाजात ऐकू आलं, "पांढरी गाडी, रस्त्यात लावलेली, ज्या कुणाची असेल त्यांनी ताबडतोब काढून घ्यावी."

झालं होतं असं, की दोन गल्ल्या पलीकडच्या मंडळानेही त्याच दुकानातून तीच पेटी नेली होती. या स्वस्त माइकांची फ्रिक्वेन्सी कारखान्यातच ठरलेली असते, बदलायची सोय नसते. आणि एफएमचा स्वभाव असा, की एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघे बोलू लागले तर ते दोघांची सरमिसळ करत नाही. जो जोरात पोहोचतो त्याचं पूर्ण ऐकतं आणि दुसऱ्याला अस्तित्वच नाही असं धरून चालतं. वहिनी ठरल्याप्रमाणे प्रेक्षकांत शिरल्या, प्रेक्षकांतून पुढे रस्त्याच्या कडेला गेल्या, आणि आमच्या रिसीव्हरने त्यांचा नाद सोडून पलीकडच्या सेक्रेटरींना जवळ केलं. वहिनींना मात्र काही कळलं नाही. त्या डोळे मिटून गात होत्या. त्या समरसतेत त्यांनी पुढचं कडवंही म्हटलं, तोवर आमच्या मांडवात गाडीचा नंबर जाहीर होऊन ती गाडी आमच्याच तबलजीची निघाली होती.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या मंडळाचा फोन आला. त्यांच्या स्पीकरवर काल अचानक एक बाई फार सुंदर गाऊन गेल्या, आरतीला आलेल्यांनी वन्स मोअर दिला, तर त्या बाई कोण आणि मानधन किती घेतात? बॉक्सवरची शंभर मीटरची रेंज अजिबात खोटी नव्हती. ती फक्त त्यांच्या दिशेला होती.

आता पोराने सूत्रं हातात घेतली. त्याने २.४ गिगाहर्ट्झवाला डिजिटल माइक कुणाकडून तरी उसना आणला. हा आपली जागा आपण शोधतो, कुणाच्या आरतीत घुसत नाही. फक्त त्यात आवाज पोहोचायला दोन-चार मिलिसेकंदांचा उशीर होतो. ते ऐकून साहेब चमकले. "उशीर? मग माझी सम चुकेल!" पोराने सांगितलं, की तीन मिलिसेकंदांत आवाज हवेतून मीटरभर जातो, म्हणजे गाणारा एक पाऊल मागे उभा आहे असं समजायचं. काका म्हणाले, "साहेब समेवर येईपर्यंत मी ढोलकी कसून घेतो. त्या तीन मिलिसेकंदांचं काय घेऊन बसलात?"

रंगीत तालमीला हॉल रिकामा होता आणि माइक अगदी शेवटच्या खुर्चीपासून चालला. कार्यक्रमाला मात्र पंधराव्या मिनिटापासून तो आचके देऊ लागला. पोराने कानात येऊन कारण सांगितलं. माणसाच्या शरीरात बहुतांश पाणी असतं, आणि ते या लहरी गिळतं. शिवाय २.४ गिगाहर्ट्झवरच वायफाय चालतं, ब्लूटूथ चालतं, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात ते चालू असतं. थोडक्यात, हॉल जितका भरलेला तितका माइक वाईट. हे ऐकून मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं ज्या गोष्टीची आम्हाला लाज वाटायची, ती आमची तांत्रिक जमेची बाजू निघाली. एरवीच्या आमच्या प्रेक्षकसंख्येत हा माइक अर्ध्या किलोमीटरपर्यंत चालला असता. पण त्या दिवशी एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता, प्रवेश मोफत होता आणि नंतर जेवण होतं. पाणी भरपूर जमलं होतं.

आणि माइक धरायचा कुठे, हा तर स्वतंत्र छळ. साहेबांना जाळीभोवती दोन्ही पंजे लपेटून, डोळे बारीक करून गायची सवय. परदेशी गायकांना असं करताना त्यांनी टीव्हीवर पाहिलंय. जाळीच्या मागच्या बाजूने आत येणारा आवाज कापूनच हा माइक समोरचं तेवढं ऐकतो. ती बाजू हाताने झाकली की तो चहूकडचं ऐकायला लागतो, मॉनिटरमधला आवाजही पुन्हा आत घेतो, आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी सुटते. साहेबांना ती शिट्टी प्रेक्षकांतून आली असं वाटतं आणि ते कमरेत वाकतात. वहिनी नाजूकपणे अगदी बुडाशी धरतात, करंगळी बाहेर काढून. पण बहुतेक माइकांची अँटेना त्या बुडातच असते. मूठ तिच्यावर बसली की सिग्नल दमतो. मग पोराने निवेदकाला दाखवून दिलं, की वरही नाही, खालीही नाही, बरोबर मधोमध धरायचं. मधोमध स्विच होता. निवेदकाने भारदस्त स्वागत केलं, आयोजकांचे आभार मानले, दिवंगत कलाकारांना अभिवादन केलं, आणि यातलं एक अक्षर कुणाला ऐकू गेलं नाही. त्याच्या निवेदनाला इतकी मोठी टाळी आधी कधी पडली नव्हती.

सेलचा अध्याय खजिनदारांचा. वायरवाला माइक फुकट चालायचा, हा तर दर कार्यक्रमाला दोन पेन्सिल सेल खातो, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. ते निघताना घरच्या भिंतीवरच्या घड्याळाचे आणि टीव्हीच्या रिमोटचे सेल काढून आणत आणि कार्यक्रम संपला की परत नेऊन बसवत. त्यामुळे आमचा कार्यक्रम किती वाजता सुरू झाला, हे त्यांच्या घरच्या घड्याळात बिनचूक कळायचं. पुढे चार्जिंगचे सेल आले. त्यांची तऱ्हा वेगळी. साधे सेल उतरत जातात तसं आधी कळतं तरी. हे शेवटपर्यंत ठणठणीत असल्याचं दाखवतात आणि मग एकदम मान टाकतात. साहेबांच्या दर्दभऱ्या गाण्याच्या ऐन मधे त्यांनी मान टाकली, तेव्हा पहिल्या रांगेतून "सुटलो" असा स्पष्ट आवाज आला. तो माइकशिवायही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला. काकांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

अखेर वर्गणी निघाली. दादांनी नवा अ‍ॅम्प घ्यायचा बेत पुढे ढकलला, वहिनींनी सोनेरी रंगाचा हट्ट सोडला, खजिनदारांनी दोन दिवस जेवण सोडलं, आणि त्या चिठ्ठी उलटी सरकवणाऱ्या दुकानातून खरा माइक आला. यूएचएफ, फ्रिक्वेन्सी बदलता येणारा, दोन अँटेना आणि दोन्ही कामाच्या. साउंडवाल्याने सवयीने रिसीव्हर लोखंडी पेटीत, अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ठेवला होता; पोराने तो बाहेर काढून स्टेजच्या कडेला, माइक दिसेल असा ठेवला. कार्यक्रमाच्या आधी त्याने बटण दाबून आसपासचे इतर माइक, शेजारचं मंगल कार्यालय असं सगळं चाळून एक मोकळी जागा शोधली. साउंडवाल्याने माइकवर टकटक केलं, फू फू केलं, "हॅलो, चेक, वन टू" म्हटलं, आणि सगळं इतकं स्वच्छ ऐकू आलं की तोच दचकला.

तो कार्यक्रम मी विसरणार नाही. खरखर नाही, आचके नाहीत, गाडीचा नंबर नाही. वहिनी प्रेक्षकांत गेल्या, पार मागच्या दारापर्यंत गेल्या, तिथल्या चहावाल्यासाठी एक ओळ गाऊन परत आल्या. आणि मग साहेबांचं गाणं सुरू झालं. तेव्हा पहिल्यांदाच आमच्या लक्षात आलं, की आजवर साहेबांचं गाणं कुणी पूर्ण ऐकलेलंच नव्हतं. मधे नेहमी वायर असायची. आता प्रत्येक श्वास, प्रत्येक आवंढा आणि सुरापासून नेमकं किती अंतर आहे ते सगळं शेवटच्या खुर्चीपर्यंत अगदी तपशीलवार पोहोचत होतं.

दुसऱ्या अंतऱ्यात साहेब घसरले. साफ घसरले. सवयीने त्यांचा हात माइकच्या बुडाशी गेला. तिथे जॅक नव्हता. त्यांनी खाली पाहिलं, पायात काही नव्हतं. साउंडवाल्याकडे पाहिलं, त्याने दोन्ही हात वर केले. सेल नवे होते, खजिनदारांनी पावती दाखवली. साहेबांची नजर स्टेजभर भिरभिरली, तबल्यावरून ढोलकीवर, ढोलकीवरून बेसवर, आणि शेवटी कडेला येऊन माझ्या हातावर थांबली.

"खुळखुळा मधे आला," मध्यंतरात साहेब म्हणाले.

"हो, मलाही जाणवलं," वहिनी म्हणाल्या.

"मी तर केव्हाचा म्हणतोय," निवेदक म्हणाला.

तेव्हापासून ऑर्केस्ट्रात कमालीचं सौहार्दाचं वातावरण आहे. सूर हलला तर खुळखुळा, शब्द विसरले तर खुळखुळा. मला बोलता येतं, एवढंच. पण कुणी विचारत नाही.

कॉर्डलेसची चटक मात्र आता सगळ्यांना लागली आहे. दादांना बेससाठी हवाय, कारण त्यांनाही वहिनींच्या मागे चालत जायचंय. निवेदकाला कॉलरला लावायचा हवाय, दोन्ही हात मोकळे ठेवून बोलायला. खुद्द काकांनी परवा मला बाजूला घेऊन विचारलं, की ढोलकीला चिकटवायचा असा छोटा काही मिळतो का, बालगंधर्वांना न सांगता. सगळ्यांच्या वायरी सुटणार म्हटल्यावर माझ्याही मनात आलं, आपणच का मागे राहायचं? यादी घेऊन तपकीर गल्लीत गेलो. त्याच पहिल्या दुकानात. सगळं सांगून झाल्यावर, सहज विचारल्यासारखं करून म्हटलं, "आणि खुळखुळ्यासाठी एक कॉर्डलेस मिळेल का?"

त्याने मान वर केली.

"साहेब, त्याला वायर होती कधी?"